विटेच्या आधीची पावती

‘घर पाहावं बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या कुणी ती पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या काळी नगररचना विभाग नव्हता. नाहीतर म्हणीत आणखी दोन शब्द नक्की वाढले असते. घर बांधताना माणूस वाळूचा भाव विचारतो, सिमेंटचा विचारतो, गवंड्याची मजुरी ठरवताना दोन दिवस घासाघीस करतो. पण पहिली वीट बसण्याआधी जी पावती हातात पडते, तिच्यातला आकडा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. इंजिनिअर सांगतो, ‘इतके भरायचे आहेत,’ आणि आपण भरतो. मागाहून शेजाऱ्याला सांगताना तो सगळाच आकडा ‘खाण्यापिण्यात गेलेला’ होऊन जातो.

दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढला. त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. घरबांधणीच्या कर्जाचे शेकडो अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेले. मंजूर नकाशा आहे का, बांधकामाचा परवाना आहे का, एवढे मी बघत असे. दोन्ही कागदांवर शिक्का दिसला की माझी लाल पेन्सिल पुढच्या पानाकडे वळे. परवान्यासाठी त्या माणसाने किती भरले, कशासाठी भरले, हे मी कधी वाचले नाही. पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या माणसांनी घरे बांधली, घरे मोडली, घरांवरून भांडणे केली. पण त्यांतल्या एकालाही मी नगररचना विभागाच्या खिडकीसमोर उभे केले नाही. ते काम शेवटी माझ्याच वाट्याला आले.

माझे माहेर कृष्णाकाठच्या एका शहरात आहे. वडिलांनी १९७८ साली दोन गुंठ्यांच्या भूखंडावर तिथे घर बांधले. तेव्हा गावाला नगरपालिका होती, आता महानगरपालिका आहे. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. मागे भावजय, कॉलेजात शिकणारी भाची आणि खालच्या तीन-चार खोल्या. भावजय लग्नाच्या आधीपासून शिवणकाम करते. एक दिवस ती म्हणाली, “वन्सं, पुढच्या अंगणात एक गाळा काढावा आणि वर मजला चढवावा असं डोक्यात आहे. गाळ्यात माझं फॉल-पिको आणि ब्लाउजचं काम चालेल. वरचा मजला भाड्यानं गेला तर पोरीचं शिक्षण निघेल.”

हिशेब सरळ होता. अंदाजपत्रक मीच केले. जुन्या सवयीने अनपेक्षित खर्चाला म्हणून दहा टक्के जास्त धरले. परवान्याचा खर्च त्या दहा टक्क्यांत सहज बसेल, असे मी तिला छातीठोकपणे सांगितले.

तो बसला नाही. इंजिनिअरने आणलेला शुल्काचा कागद पाहून भावजय काहीच बोलली नाही. शिवणयंत्रावर तिने झाकण तेवढे घातले. थोड्या वेळाने म्हणाली, “वन्सं, गाळा राहू द्या. वरचाच मजला बांधू.” त्या एका गाळ्यापायी सगळ्या घराचा आकडा चढला आहे, असे इंजिनिअरने तिला सांगितले होते. म्हणजे जे तिच्या पोटापाण्याचे साधन, तेच आधी रद्द व्हायचे. त्या रात्री जेवणे झाल्यावर मी तो कागद टेबलावर पसरला आणि बँकेत एखाद्या व्यापाऱ्याचा ताळेबंद तपासावा तसा ओळीओळीने वाचायला घेतला. त्या रात्री आणि पुढच्या आठवडाभरात जे कळले, ते वाचकांसमोर ठेवते आहे.

पहिली गोष्ट अशी की, परवान्याचे शुल्क म्हणून आपण ज्याला एकच रक्कम समजतो, ती एक रक्कम नसते. त्या कागदावर चार वेगवेगळ्या जातींचे पैसे एकाखाली एक मांडलेले असतात. काही पैसे कामाची मजुरी असतात, काही गावाच्या सोयींमधला आपला वाटा असतो, काही चक्क विकत घेतलेल्या हक्काची किंमत असते, आणि काही तर आपलेच असून नुसते ठेव म्हणून दिलेले असतात. बेरीज केली की सगळे एकसारखे दिसतात. गोंधळ तिथेच होतो.

मजुरीची ओळ म्हणजे छाननी शुल्क. आपला नकाशा कुणीतरी तपासायचा, सामासिक अंतरे मोजायची, जागेवर येऊन पाहायचे, त्या कामाचा हा मोबदला. ही रक्कम साधारणपणे सगळ्यांत लहान असते. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात उलगडून सांगितला होता. हे शिरूर आपल्या पुण्याकडचे नव्हे, उडुपीचे. कर सगळ्यांच्या गरजेसाठी सक्तीने घेतला जातो, त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुक एक मिळेल असे वचन नसते. शुल्क मात्र कसल्या तरी सेवेच्या बदल्यात घेतले जाते. न्यायालयाने पुढे ही व्याख्या काहीशी सैल केली, तरी सामान्य माणसाला प्रश्न विचारायला ती अजूनही उपयोगी पडते. ‘हे कशाच्या बदल्यात?’ असे प्रत्येक ओळीला विचारावे.

दुसरी ओळ विकास शुल्काची. आपल्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचे साल १९६६. पण विकास शुल्काचे प्रकरण त्यात १९९२ साली घातले गेले. त्यामागचा विचार साधा आहे. नवे घर उभे राहिले की ते नळाचे पाणी मागते, गटार मागते, रस्त्यावर एक स्कूटर जास्त आणते. हा भार गावाने उचलायचा, तर भार घालणाऱ्याने त्यातला वाटा द्यावा. योगायोग असा की त्याच १९९२ साली अहमदाबादच्या नागरी विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, कायद्यात स्पष्ट अधिकार दिलेला नसेल तर असे विकास शुल्क कुणाला आकारता येणार नाही. म्हणजे या ओळीच्या मागे कायद्याचे कलम असायलाच हवे. आपल्याकडे ते आहे.

आता या ओळीचे गणित. सुरुवातीला हे दर चौरस मीटरला अमुक रुपये असे ठरलेले असत. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन ते जमिनीच्या सरकारी भावाशी जोडले गेले. हा भाव कुठे मिळतो? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, ज्याला आपण सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतो. घराची खरेदी नोंदवताना मुद्रांक शुल्क मोजायला तो वापरतात, हे अनेकांना ठाऊक असते. तोच तक्ता बांधकामाच्या परवान्यालाही लागतो, हे फार थोड्यांना माहीत असते. गावाचे विभाग पाडून प्रत्येक विभागातल्या मोकळ्या जमिनीचा चौरस मीटरचा दर त्यात दिलेला असतो.

समजा, तो दर नऊ हजार रुपये आहे आणि भूखंड दोनशे चौरस मीटरचा, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आसपास. राहत्या घरासाठी जमिनीच्या क्षेत्रावर या दराच्या अर्धा टक्का शुल्क लागते. दोनशे गुणिले नऊ हजार, म्हणजे अठरा लाख. त्याचा अर्धा टक्का नऊ हजार रुपये. बांधकामाच्या क्षेत्रावर लागतात दोन टक्के. शंभर चौरस मीटरचे बांधकाम असेल, तर शंभर गुणिले नऊ हजार, म्हणजे नऊ लाख. त्याचे दोन टक्के अठरा हजार रुपये. झाले गणित. सातवीतल्या मुलाला येण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. बांधकामाचे क्षेत्र मोजले, तरी त्याला लावायचा दर जमिनीचाच असतो. तुम्ही संगमरवर घाला की शहाबादी फरशी, विकास शुल्क तेच. तुमचा पगार किती, घरात खाणारी तोंडे किती, हे ते विचारत नाही. घर कुठे आहे, केवढे आहे आणि कशासाठी आहे, हे तीनच प्रश्न ते विचारते.

‘कुठे’ या प्रश्नाची गंमत मी पुण्याच्या भाच्याला उदाहरण म्हणून सांगितली. त्याच्या भागात जमिनीचा दर पंचेचाळीस हजार आहे असे धरू. तेच शंभर मीटरचे बांधकाम, त्याच विटा, तोच नकाशा. पण अठरा हजारांच्या जागी नव्वद हजार. शिवाय २०१५ साली कायद्यात आणखी दुरुस्ती झाली. मेट्रोसारखे मोठे वाहतूक प्रकल्प जिथे हाती घेतले आहेत, तिथे हे शुल्क शंभर टक्क्यांपर्यंत वाढवायची सोय तिने केली. ती पुरती लागू झाली की नव्वदाचे एक लाख ऐंशी हजार होतात. आमच्या गावच्या दसपट. भाचा म्हणाला, “मावशी, मेट्रोत बसायच्या आधीच तिकीट काढलं म्हणायचं.”

‘कशासाठी’ हा तिसरा प्रश्न. घर आणि धंदा यांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. कारखान्याच्या वापराला घराच्या दीडपट, आणि दुकान, कार्यालय अशा वाणिज्य वापराला दुप्पट. म्हणजे बांधकामावर घराला दोन टक्के, कारखान्याला तीन, दुकानाला चार. जमिनीवर अर्धा, पाऊण आणि एक टक्का. दुकानाकडे गिऱ्हाईक येते, गाड्या उभ्या राहतात, खोकी आणि कचरा पडतो, आणि दुकान कमावते, असा त्यामागचा विचार असावा. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यात एक खोच आहे. काचेच्या दारांचे दोन मजली कपड्यांचे दालन आणि त्याच्या शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा गाळा, दोघांनाही चार टक्केच. तक्ता जमीन पाहतो, गल्ला पाहत नाही.

तिसरी जात विकत घेतलेल्या हक्काची. तिला अधिमूल्य म्हणतात. बोलताना सगळे ‘प्रीमियम’च म्हणतात. ती समजायला चटई क्षेत्र निर्देशांक समजावा लागतो. नाव अवघड आहे, अर्थ सोपा. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. डिसेंबर २०२० पासून मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्र आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच विकास नियमावली लागू झाली. तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या भागात हा मूळ आकडा १.१० धरला आहे. दोनशे मीटरच्या भूखंडावर दोनशे वीस मीटर. एवढे बांधायचा हक्क तुमच्या जमिनीबरोबरच आलेला असतो. त्याहून जास्त हवे असेल, आणि समोरचा रस्ता पुरेसा रुंद असेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंत जास्तीचे क्षेत्र पैसे भरून मिळते. त्याचा दर जमिनीच्या दराच्या पस्तीस टक्के.

हा आकडा विकास शुल्काच्या शेजारी ठेवून पाहा. नऊ हजारांचे पस्तीस टक्के म्हणजे चौरस मीटरला तीन हजार एकशे पन्नास. हक्काबाहेर एक बेताची खोली, बारा मीटरची, काढायची म्हटली तर सदतीस हजार आठशे रुपये. आणि शंभर मीटरच्या घराचे विकास शुल्क होते अठरा हजार! हक्कात बसणाऱ्या आख्ख्या घरापेक्षा हक्काबाहेरची एक खोली दुपटीने महाग. नकाशावर ‘इथे एक खोली वाढवू या’ म्हणून घरातली मंडळी हौसेने बोट ठेवतात, तेव्हा हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे जुने नव्वद आणि नवे शंभर मिळून एकशे नव्वद मीटर होत होते. त्यामुळे ही ओळ आम्हाला लागली नाही.

याखेरीज बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा उपकर असतो. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने तो आला. आमच्या कागदावर तो बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का होता. त्यात जमिनीची किंमत धरत नाहीत. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या दहा लाखांपर्यंतच्या घराला त्या कायद्यात सूट होती. ज्याच्या पाठीवरून आपल्या विटा वर जातात, त्याच्या मुलांच्या शाळेसाठी आणि आजारपणासाठी हा पैसा असतो. त्याबद्दल मी कुरकुर केली नाही.

आणि शेवटची जात अनामतीची. जिथे ती घेतात, तिथे काम नकाशाप्रमाणे पुरे होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की ती परत मागायची असते. मागायची, हे महत्त्वाचे; कुणी घरी आणून देत नाही. वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत जुना नकाशा शोधताना मला १९७८ ची नगरपालिकेची पावती सापडली. अनामत दोनशे रुपये. त्या काळी दोनशे रुपयांत आमच्या घरचा महिन्याचा किराणा येत असे. वडिलांनी घर बांधले, वास्तुशांत केली, गावजेवण घातले; ते दोनशे रुपये मात्र मागायचे राहून गेले. कारण सगळेच पैसे ‘भरायचे’ असतात, ही समजूत.

आता आमच्या कागदाकडे वळते. रात्री अकराच्या सुमारास घोळ सापडला. चूक कचेरीची नव्हती. आमच्या इंजिनिअरने भरून दिलेल्या क्षेत्राच्या तक्त्याची होती. नव्या बांधकामात गाळा वीस मीटरचा आणि वरचा मजला ऐंशी मीटरचा. पण गाळ्याला शटर काढले म्हणून त्याने सगळ्या शंभर मीटरांसमोर ‘वाणिज्य’ असा एकच शब्द लिहून टाकला होता. शंभर मीटर, नऊ हजारांचा दर, चार टक्के; झाले छत्तीस हजार. वास्तविक ज्याचा जो वापर, त्याला तो दर. वरच्या ऐंशी मीटरांना दोन टक्क्यांनी चौदा हजार चारशे. गाळ्याच्या वीस मीटरांना चार टक्क्यांनी सात हजार दोनशे. दोन्ही मिळून एकवीस हजार सहाशे.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर खजील झाला. चांगला मुलगा आहे. शंभर फायली हाताखाली, त्यातली ही एक. त्याने तक्ता दुरुस्त करून पुन्हा पाठवला. आठ-दहा दिवसांत नवा आकडा आला. फरक चौदा हजार चारशे रुपयांचा. भावजयीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “अठ्ठेचाळीस ब्लाउज झाले, वन्सं.” तीनशे रुपये शिलाईचा तिचा दर मी विसरले होते, ती विसरली नव्हती.

माझे वाचन इथे संपायला हवे होते. पण त्या अठ्ठेचाळीस ब्लाउजांनी मला १९९४ सालातला एक माणूस आठवला.

एसटीत चालक होते ते. मंजूर रेखांकनातला रीतसर भूखंड त्यांनी घेतला होता. त्यावर चार भिंती उभ्या करून वर पत्रे टाकले होते. पत्रे काढून स्लॅब घालायचा, म्हणून कर्ज मागायला माझ्याकडे आले. मी नकाशा मागितला. तो नव्हता. परवानाही काढला नव्हता. ते म्हणाले, “मॅडम, नकाशाला भरले असते तर पत्र्याला उरले नसते.” मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे दुसरे काही करताही आले नसते. त्यांनी खासगी सावकाराकडून पैसे उचलले. सावकाराचे व्याज कसे चढते, हे बँकेत काम करणाऱ्याला सांगायला नको. पुढची कित्येक वर्षे ते गृहस्थ एसटी स्टँडवर दिसले की मी दुसरीकडे बघत असे.

नियम पाळला याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ‘परवान्याला किती लागतील, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ एवढा एक प्रश्न मी त्यांना विचारला नाही. फार वर्षांनी एका लग्नात भेट झाली, तेव्हा तो विचारला. कुठल्याशा एजंटाने चहाच्या टपरीवर एक पाच आकडी रक्कम सांगितली होती. कागदावर कुणीच मांडून दाखवली नव्हती. त्या ऐकीव आकड्याला भिऊन ते परवान्याच्या वाटेलाच गेले नाहीत. खरा आकडा काय होता, तो कुणी मोजलाच नाही. त्यांनी नाही, मीही नाही.

परवाना न काढता बांधलेल्या घराची किंमत माणूस हप्त्याहप्त्याने मोजतो. बँक दारात उभी करत नाही. विकायला काढले तर गिऱ्हाईक भाव पाडून मागते. महानगरपालिकेच्या हद्दीत अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती लावायची तरतूद कायद्यात आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या हजारो कुटुंबांनी त्या शास्तीचे ओझे वर्षानुवर्षे वागवले. २०२३ साली शासनाने थकलेली शास्ती माफ केली, तेव्हा कुठे ती सुटली. गुंठा-गुंठा तोडून विकलेल्या जमिनींवरच्या घरांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली. पण घर नियमित करून घ्यायलाही विकास शुल्क आणि वर प्रशमन शुल्क भरावेच लागते. जे आधी भरायचे ते मागाहून दंडासह, एवढाच फरक.

हे सगळे लोकांनाच सुनावणे मात्र बरे नाही. शुल्काचा दर सरकारी तक्त्याला बांधल्यामुळे तक्त्यातला भाव चढला की परवानाही आपोआप महागतो. त्यावर महापालिकेच्या सभेत चर्चा होत नाही, वर्तमानपत्रात बातमी येते ती मुद्रांक शुल्काची. आणि विकास शुल्क जर सार्वजनिक सोयींसाठी, तर त्या सोयी दिसायला हव्यात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आमच्या जोत्याला लागले. त्याआधी दोन दिवस गल्लीतले गटार उलटे वाहत होते. आमच्या भागातल्या लोकांनी विकास शुल्कापोटी भरलेल्या पैशांतले किती त्या गटारावर खर्च झाले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पावतीबरोबर येतो. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. दहा रुपयांचा अर्ज. पण विचारणार कोण? ज्याला आपण विकास शुल्क भरले हेच माहीत नाही, तो गटाराबद्दल काय विचारणार?

म्हणून बांधकाम काढणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इंजिनिअरकडून नुसती बेरीज घेऊ नका, ओळी मागा. कुठल्या सालचा तक्ता धरला आणि आपला भूखंड कुठल्या विभागात दाखवला, ते विचारा. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे दर वेगळा असू शकतो. घराचे क्षेत्र किती आणि दुकानाचे किती, ते वेगळे लिहिले आहे का पाहा. अनामत असेल तर ती पावती सोन्याच्या डब्यात ठेवा. आणि ज्या रकमेची पावती मिळत नाही, ते शुल्क नव्हे, एवढे लक्षात असू द्या.

काही सोयीही आहेत, त्या माहीत असाव्यात. घरातल्या घरात दुरुस्ती केली, फरशी बदलली, बाहेरचे रूप फारसे बदलले नाही, तर कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. नव्या नियमावलीत दीडशे मीटरपर्यंतच्या रीतसर भूखंडावर नियमात बसणारे छोटे घर बांधायचे असेल, तर परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र, नकाशा आणि शुल्क दिल्याची पावती हाच परवाना मानला जातो. नेहमीसारखे मंजुरीसाठी थांबावे लागत नाही. मोठ्या कामांच्या अर्जावर साठ दिवसांत काहीच उत्तर आले नाही, तर नियमात बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाली असे कायदा धरून चालतो. मिळालेला परवाना एक वर्षाचा असतो. काम सुरू झाले नाही तर तो वर्षावर्षाने वाढवून घ्यावा लागतो, सगळे मिळून चार वर्षांपर्यंत. पैसा जमेल तसे बांधू म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये.

दसऱ्याला भावजयीने गाळ्याच्या शटरला तोरण बांधले. वरचा मजला अजून रंगवायचा आहे. वडिलांची १९७८ ची पावती आणि यंदाचे चलन आता एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच ट्रंकेत आहेत. परवा फोनवर ती सांगत होती, गल्लीत कुणी बांधकाम काढले की हल्ली शुल्काचा कागद घेऊन आधी तिच्याकडे येतात. मी म्हटले, “अगं, तू सांगतेस तरी काय त्यांना?”

“काय सांगायचंय, वन्सं? आधी माप बघा म्हणते. मापात चूक झाली तर कापड वाया जातं, हे मला ठाऊक आहे की.”